धोरण आलं आणि शाळा हातातून गेल्या : सावित्रीबाई फुले यांच्या आयुष्याचा भाषणात न येणारा भाग

दरवर्षी ३ जानेवारीला जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत आणि उर्दू शाळांतही सावित्रीबाई फुले यांच्या फोटोला हार घातला जातो. मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून भाषणं करतात. शेण, दगड आणि पिशवीतली दुसरी साडी हा प्रसंग प्रत्येक भाषणात असतोच. तो असायलाही हवा. पण त्यानंतर काय झालं, हे सहसा कुणी सांगत नाही.

त्यानंतर असं झालं की शाळा वाढल्या, मुली वाढल्या. सरकारनं जाहीर सत्कार केला. १८५४ साली तर मुलींच्या शिक्षणाला पाठिंबा देणारं धोरणच लंडनहून आलं. आणि पुढच्या काही वर्षांतच फुले दांपत्याला आपण उभ्या केलेल्या मुलींच्या शाळांमधून बाहेर पडावं लागलं.

लोकांचा विरोध होता तेव्हा शाळा वाढल्या आणि धोरण आलं तेव्हा त्या हातातून गेल्या. असं कसं झालं? राळेगाव तालुक्यात वाढोणा बाजार, झाडगाव, वडकी किंवा त्यांच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात राहणाऱ्या आणि सातवी-आठवीतल्या मुलीला पुढं कुठं घालायचं या विचारात असलेल्या आई-वडिलांना हा प्रश्न पावणेदोनशे वर्षं जुना वाटणार नाही. म्हणून सावित्रीबाईंचं आयुष्य आज या बाजूनं पाहू या.

नायगावची मुलगी, पुण्याचं घर

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावला झाला. हे गाव आज सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचं लग्न झालं. नवरा जोतीराव तेरा वर्षांचे. सासरी पुण्यात फुलांचा व्यवसाय आणि शेतमळा होता.

इथं आपल्या वाचकांनी एक नाव लक्षात ठेवावं, गफ्फार बेग मुन्शी. जोतीरावांची शाळा मध्येच सुटली होती. दुकानात काम करणाऱ्या एकानं वडिलांना, गोविंदरावांना, सांगितलं होतं की माळ्याच्या पोराला शिकवून काय उपयोग! मुलगा मळ्यात राबू लागला. त्याची हुशारी शेजारच्या गफ्फार बेग मुन्शींच्या नजरेत आली. ते उर्दू-फारसीचे उस्ताद. त्यांनी आणि लिजिट नावाच्या एका इंग्रज गृहस्थानं गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत, जाऊ लागले. महाराष्ट्रातल्या मुलींच्या शिक्षणाची गोष्ट सुरू होते ती अशी. एका शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या घरी जाऊन, पोराला शाळेत घाला, एवढं सांगितलं. त्या वेळी कोणतीही योजना नव्हती, अनुदान नव्हतं.

पहिली अडचण : शिकवणारी बाई कुठून आणायची?

मुलींची शाळा काढायची तर पहिली अडचण जागेची वाटते. खरी अडचण शिक्षिकेची होती. आई-वडील मुलीला पुरुष मास्तराच्या हाती सोपवायला तयार नव्हते आणि शिकलेली बाई तर गावात शोधूनही सापडत नव्हती. मुली शिकल्या नाहीत म्हणून शिक्षिका नाहीत, शिक्षिका नाहीत म्हणून मुली शिकत नाहीत, असं हे चक्र होतं.

ते चक्र जोतीरावांनी घरातूनच तोडलं. त्यांनी सावित्रीबाईंना शिकवायला सुरुवात केली. जोतीरावांना आईच्या मायेनं वाढवणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर याही सोबत शिकल्या. पुढं सखाराम यशवंत परांजपे आणि केशवराव भवाळकर या मित्रांनी सावित्रीबाईंच्या पुढच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा होती. ती पाहून जोतीरावांची खात्री पटली होती की हे काम पुण्यातही होऊ शकतं.

म्हणजे आधी शिक्षिका तयार झाली आणि मग १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या. आजच्या हिशेबानं बारावीतली मुलगी.

घर सुटलं

लोकांचा राग पहिल्यांदा रस्त्यावर निघाला. सावित्रीबाई शाळेत जाताना त्यांच्यावर चिखल, शेण, खडे फेकले जात, शिव्या दिल्या जात. तो राग मग घरात शिरला. गोविंदरावांवर जातीकडून दबाव आला आणि १८४९ मध्ये त्यांनी मुलाला आणि सुनेला सांगितलं की शाळा सोडा, नाहीतर घर सोडा. दोघांनी घर सोडलं.

त्या वेळी त्यांचे स्नेही उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला असं सांगितलं जातं. आपल्या समाजात ही आठवण मोठ्या अभिमानानं सांगतात. या धामधुमीत शाळेच्या कामात खंडही पडला. मग सदाशिवराव गोवंडे यांच्या मदतीनं जुन्या गंज पेठेत काम पुन्हा सुरू झालं.

या प्रसंगातून एक गोष्ट कळते. मुलीच्या शाळेला विरोध करणारे लोक नेहमी वाईटच असतात असं नाही. गोविंदराव वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनीच मुलाला दुसऱ्यांदा शाळेत घातलं होतं. लोक काय म्हणतील या भीतीपुढं ते हरले. ही भीती आजही अनेक चांगल्या अब्बूंच्या, अम्मींच्या मनात असते. त्यांना नावं ठेवून मुलगी शाळेत पोचत नाही. गफ्फार बेग मुन्शींसारखं कुणीतरी घरी जाऊन बसावं लागतं.

आठ मुलींपासून दोनशेंच्या पुढं

३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या बुधवार पेठेतल्या वाड्यात मुलींची नवी शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या. काही काळातच त्या अठ्ठेचाळीस झाल्या. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत दुसरी आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. सावित्रीबाई मुख्याध्यापिका होत्या आणि पगार घेत नव्हत्या. महार-मांग समाजाच्या मुलामुलींसाठी वेगळ्या शाळाही सुरू झाल्या.

१६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. फेब्रुवारी १८५३ मध्ये मुलींची जाहीर परीक्षा घेतली गेली. दोनशेहून जास्त मुली परीक्षेला बसल्या आणि ती पाहायला पुणेकरांनी प्रचंड गर्दी केली. चार वर्षांपूर्वी ज्या गावानं चिखल फेकला, तेच गाव आता मुली काय उत्तरं देतात हे पाहायला टाचा उंचावून उभं होतं.

शाळेचा दर्जा काय होता, याचा पुरावा मुक्ता साळवे या विद्यार्थिनीनं ठेवला आहे. मांग समाजातल्या या मुलीनं १८५५ मध्ये महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तिचं शिक्षण जेमतेम तीन वर्षांचं झालं होतं. तिनं धर्माच्या नावावर चाललेल्या अन्यायाला सरळ प्रश्न विचारले. मुलगी तीन वर्षांत अक्षरं गिरवायलाही शिकते आणि प्रश्न विचारायलाही शिकते. शिक्षिका कशी आहे, त्यावर ते ठरतं.

फातिमा : दुसरी शिक्षिका असण्याचा अर्थ

१८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारी होत्या आणि विश्रांतीसाठी माहेरी, नायगावला, गेल्या होत्या. १० ऑक्टोबरला त्यांनी तिथून जोतीरावांना पत्र लिहिलं. माहेरी भाऊ त्यांना बोल लावत होता. खालच्या मानलेल्या जातींना शिकवून तुम्ही नवरा-बायको कुळाला बट्टा लावता, असं त्याचं म्हणणं होतं. सावित्रीबाईंनी त्याला शांतपणे उत्तर दिलं आणि जोतीरावांच्या कामाची बाजू मांडली. हे सगळं पत्रात आहे. त्याच पत्रात त्यांना पुण्याची काळजी लागलेली दिसते. आपल्या गैरहजेरीत सगळा भार फातिमावर पडला असेल, तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे.

ही फातिमा म्हणजे फातिमा शेख. सावित्रीबाईंची सहकारी म्हणून आपण तिला ओळखतो. ९ जानेवारीला तिची आठवण अनेक ठिकाणी काढली जाते. तिच्याविषयी मोठमोठी विशेषणं वापरली जातात. पण पत्रातला हा छोटासा उल्लेख विशेषणांपेक्षा जास्त सांगतो. मुख्याध्यापिका आजारी पडली आणि तरीही तिला भरवसा होता की मागं काम थांबणार नाही, कारण मागं दुसरी बाई होती. एकशिक्षकी शाळा कशी चालते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचं मोल कळेल. एक शिक्षक रजेवर गेला, प्रशिक्षणाला गेला किंवा निवडणुकीच्या कामाला लागला, की त्या दिवशी शाळा नाही. चार दिवस शाळा नाही असं झालं, की पाचव्या दिवशी मुलगी कापूस वेचायला जाते आणि सहाव्या दिवशी तिला कुणी शाळेत जा म्हणत नाही.

धोरण आलं, पैसा आटला

आता त्या प्रश्नाकडं येऊ. १९ जुलै १८५४ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी हिंदुस्थानच्या शिक्षणाविषयी एक मोठा खलिता पाठवला. वूडचा खलिता म्हणून तो प्रसिद्ध आहे. प्रत्येक प्रांतात शिक्षण खातं असावं, खासगी शाळांना अनुदान मिळावं आणि मुलींच्या शाळांनाही मदत द्यावी, असं त्यात होतं. कागदावर तो फुले दांपत्याच्या मनासारखाच होता.

पण खलित्यातल्या अनुदानाला अटी होत्या. स्थानिक लोकांनी आपला वाटा घालावा, चांगली देखरेख करणारी समिती असावी, सरकारी तपासनिसानं पाहणी करावी. ज्यांच्या गावात सावकार आहेत, वकील आहेत, त्यांना हे जमतं. ज्यांच्या मुली पहिल्यांदाच शाळेत येत आहेत, ते वर्गणी कुठून देणार? पुण्याच्या शाळांना सरकारच्या दक्षिणा निधीतून थोडी मदत मिळत होती. बाकी भिस्त होती ती युरोपीय अधिकाऱ्यांच्या आणि काही हिंदी स्नेह्यांच्या देणग्यांवर.

१८५७ चा उठाव झाला आणि हे सगळं बदललं. युरोपीय देणगीदारांचा हात आखडला. जनतेच्या चालीरीतींत हात घालायला सरकारही कचरू लागलं. ज्या सरकारनं पाच वर्षांपूर्वी शाल पांघरली होती, त्याच्या लेखी आता ही बाब तातडीची राहिली नव्हती.

दुसरी गोष्ट कारभाराची. शाळा चालवायला पुण्यातल्या प्रतिष्ठित गृहस्थांची समिती केलेली होती. त्या गृहस्थांनी मदत केली, वाडा दिला, नाव दिलं, हे खरंच. पण समितीतली मंडळी सगळी पुरुष होती. ज्यांच्या मुली शाळेत येत होत्या, त्या आया तिथं नव्हत्या. सुमारे नऊ-दहा वर्षं काम केल्यावर जोतीराव त्यातून बाहेर पडले. कारणांचा तपशील देण्याची गरज नाही, एवढंच त्यांनी पुढं सरकारला सांगितलं. समितीनं मुलींच्या शाळा शिक्षण खात्याकडं सोपवल्या आणि त्या मिसेस मिचेल यांच्या देखरेखीखाली गेल्या.

शाळा बंद पडल्या नाहीत, हे समाधान. पण ज्या दोघांनी घर सोडून त्या उभ्या केल्या, त्यांचा त्यांवर हक्क राहिला नाही. महार-मांगांच्या मुलांची एक शाळा १८८२ पर्यंत कशीबशी चालू होती आणि तिची अवस्था चांगली नव्हती, हेही जोतीरावांनीच नोंदवलं आहे.

१८८२ : हंटर कमिशनपुढं मांडलेला हिशेब

वूडच्या खलित्याचं पुढं काय झालं हे तपासायला १८८२ मध्ये सरकारनं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी त्याला पुण्याहून लेखी निवेदन दिलं. या निवेदनावर नाव जोतीरावांचं आहे, पण त्यामागं दोघांचा अनुभव आहे. आपण पत्नीला शिकवून तिच्या साथीनं शाळा काढल्या, हे त्यांनी आयोगाला सांगितलं.

त्यांचा मुख्य मुद्दा साधा होता. शेतकरी कर देतो, शाळेच्या नावानं लोकल फंडाचा पैसाही त्याच्याकडून गोळा होतो, आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गाच्या कॉलेजांवर होतो. खेड्यातली प्राथमिक शाळा उपाशीच राहते. मग त्यांनी उपाय मोजून दाखवले. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा. शिक्षक प्रशिक्षित असावा. त्याला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. तो गावकऱ्यांत मिसळणारा, त्यांच्यातलाच असावा, नाहीतर तो मुलांपासून अंतर ठेवतो आणि मुलं शाळेपासून अंतर ठेवतात. अभ्यासात शेतीची माहिती असावी. आणि शेवटी त्यांनी मागणी केली की मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रसार जास्त उदारपणे करण्यासाठी उपाय योजावेत.

या निवेदनात मुसलमानांचाही उल्लेख आहे. जोतीरावांनी लिहिलं की मुसलमान मुलं या सरकारी शाळांपासून दूर राहतात, कारण तिथं शिकवल्या जाणाऱ्या मराठी-इंग्रजीकडं त्यांचा ओढा नाही आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेत शिकवणाऱ्या प्राथमिक शाळा थोड्याच आहेत. गफ्फार बेग मुन्शींच्या शब्दामुळं शाळेत परत गेलेल्या माणसानं चाळीस वर्षांनी सरकारपुढं मुसलमान मुलांच्या शाळेचा प्रश्न ठेवला. हंटर आयोगानंही आपल्या अहवालात मुसलमानांच्या शिक्षणासाठी वेगळ्या शिफारशी केल्या.

आणि अंमलबजावणी? सक्तीच्या शिक्षणाची मागणी १८८२ ची. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तसं विधेयक मांडलं, ते नामंजूर झालं. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. संपूर्ण देशासाठी शिक्षण हक्काचा कायदा झाला २००९ मध्ये आणि तो लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. मागणीपासून कायद्यापर्यंत १२७ वर्षं गेली.

शाळा गेली, काम थांबलं नाही

मुलींच्या शाळांमधून बाहेर पडल्यावर सावित्रीबाई घरी बसल्या नाहीत. १८६३ मध्ये फुले दांपत्यानं आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं सुखरूप बाळंत व्हावं, असा हेतू होता. त्या बायकांचं बाळंतपण सावित्रीबाई स्वतः करत. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढं डॉक्टर झाला. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच्या कामातही सावित्रीबाई पुढं होत्या.

१८७६-७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर-ओतूर भागात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ च्या पत्रात त्यांनी उपाशी माणसं, सोडून दिलेली गावं आणि सत्यशोधक कार्यकर्त्यांची धडपड यांचं वर्णन केलं आहे. दुष्काळात पोरकी झालेली मुलं जेवतील, जगतील यासाठी अन्नछत्रं चालवली गेली. शाळेची बाई भाकरीच्या कामाला लागली, कारण उपाशी पोर पाटीवर लक्ष देऊ शकत नाही हे तिला वर्गात शिकवतानाच कळलं होतं. आज शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणामागं हाच अनुभव आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत हक्कावरून वाद झाला तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात धरलं आणि पुढं चालल्या. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. त्यांच्या कवितांची पुस्तकंही प्रसिद्ध झाली. काव्यफुले हा संग्रह १८५४ चा, म्हणजे वूडच्या खलित्याच्याच वर्षाचा.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. यशवंतनं हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः आजाऱ्यांना तिथं पोचवत होत्या. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळल्यावर त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. वय ६६ वर्षं.

राळेगावात हा हिशेब कसा लावायचा?

सावित्रीबाईंच्या हयातीत आपला यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली होतं. पुण्याच्या त्या शाळा इथून फार दूर होत्या. पण त्यांना आलेल्या अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत.

पहिली अडचण अंतराची. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. पण कायद्याचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. ज्या गावात मुस्लिम घरं मोजकीच आहेत, तिथं उर्दू शाळा नसते. जिथं असते, तिथं ती बऱ्याचदा प्राथमिकवरच थांबते. पुढं हायस्कूल तालुक्याला, कॉलेज यवतमाळला किंवा वर्धा नदी ओलांडून हिंगणघाटला. मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण पास असून बस शाळेच्या वेळेला नसेल, किंवा संध्याकाळची बस अंधार पडल्यावर गावात सोडत असेल, तर तो पास कपाटातच राहतो.

दुसरी अडचण भाषेची. चौथी किंवा सातवीपर्यंत उर्दूत शिकलेली मुलगी एकदम मराठी माध्यमात जाते. गणित, विज्ञानाचे शब्द नवे, सोबतच्या मुली नव्या. पहिल्या चाचणीत कमी मार्क पडले की घरात सूर निघतो, हिला जमत नाही, राहू द्या. जोतीरावांनी १८८२ मध्ये जो भाषेचा प्रश्न मांडला, तो हाच. यावर उपाय सुट्टीतल्या दोन महिन्यांच्या वर्गाचा आहे. मोहल्ल्यातली मराठीतून शिकलेली एखादी कॉलेजची मुलगी तो घेऊ शकते.

तिसरी अडचण कागदांची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. आपल्यातल्या बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. पण जातीचा दाखला नाही, नॉन-क्रीमी लेयर नाही, आधारवर नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असं असेल तर सवलत हातात येत नाही. बारावीचा निकाल लागल्यावर सेतू केंद्रात धावाधाव होते आणि तोवर प्रवेशाची तारीख निघून जाते. यातला जातीचा दाखला आणि नावातली दुरुस्ती आठवीतच करून ठेवता येते.

चौथी अडचण पैशाच्या खात्रीची. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती थांबवली. आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्यानं मोफतच आहे, असं कारण दिलं गेलं. फी मोफत असली तरी वही, चप्पल, बसभाडं मोफत नसतं. १८५७ नंतर पुण्याच्या शाळांच्या देणग्या आटल्या, तेव्हाही शाळेत येणाऱ्या मुलींची गरज संपलेली नव्हती. म्हणून सरकारी योजनेचा पाठपुरावा करावाच, पण मुलीच्या शाळेचा खर्च फक्त योजनेवर टांगून ठेवू नये. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना गरजू मुलींच्या शिक्षणाचाही विचार झाला, तर खूप घरांची चिंता मिटेल.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात म्हटलं होतं की ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. मुस्लिम पालकांना मुलींना शिकवायचंच नसतं, हा समज त्या समितीनं मान्य केला नाही. जवळ शाळा नाही, मुलींची वसतिगृहं नाहीत, शिक्षिका नाहीत, या अडचणी तिनं पुढं आणल्या. सावित्रीबाईंनी सुरुवात केली होती ती याच ठिकाणी, शिक्षिकेपासून.

आया समितीत बसल्या तर

सावित्रीबाईंच्या काळात नसलेली एक गोष्ट आज आपल्याकडं आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. शिक्षक नियमित येतात का, मुलींचं स्वच्छतागृह उघडं असतं की कुलूपबंद, दुपारचं जेवण कसं आहे, कोणती मुलगी पंधरा दिवस आली नाही, हे विचारण्याचा हक्क तिला आहे.

पुण्यातल्या शाळा हातातून गेल्या तेव्हा निर्णय घेणाऱ्या टेबलाभोवती एकही आई नव्हती. आज कायद्यानं तिची खुर्ची ठेवली आहे. पण बऱ्याच ठिकाणी ती नावापुरती असते. सही घरी पाठवून घेतली जाते, बैठक कधी झाली ते कळतही नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की आपल्या गावच्या शाळेत जाऊन या समितीत कोण आहे, बैठक कधी आहे, एवढं विचारा. घरातल्या अम्मीला, खालाला, भाभीला त्या बैठकीला पाठवा. अक्षरं येत नसली तरी चालेल. गैरहजर मुलगी कुठं आहे, हे तिला हजेरीपटापेक्षा आधी माहीत असतं.

लंडनहून आलेला खलिता पुण्याच्या मुलींच्या शाळा सांभाळू शकला नाही. त्या जितकी वर्षं नीट चालल्या, ती वर्षं एका मुन्शीच्या शब्दानं, एका मित्राच्या घरानं, बिनपगारी मुख्याध्यापिकेनं आणि कुरकुर न करणाऱ्या फातिमानं चालवली. येत्या ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर आणि ९ जानेवारीला फातिमावर भाषण करणारी मुलगी पुढच्या जूनमध्येही शाळेत आहे का, हे आपण सगळ्यांनी बघायचं आहे.